धाप आणि हातपंखा

फुप्फुसांच्या जुनाट विकाराने, हृदयाच्या अशक्ततेने किंवा कर्करोगाने ग्रासलेल्या रुग्णाला रात्री-अपरात्री धाप लागली, की आपल्या घरांतून जी धांदल उडते तिचा एक ठराविक शिरस्ता आहे: कोणी वारा लागू नये म्हणून खिडक्या लावून घेतो, कोणी रुग्णाला बळेच आडवे निजवू पाहतो, शेजारीपाजारी खाटेभोवती कोंडाळे करून उभे राहतात, आणि ‘दीर्घ श्वास घ्या’ असा घोष चहूकडून सुरू होतो. या सर्वांच्या मनात माया असते यात शंका नाही. परंतु यांतील बहुतेक गोष्टी धाप वाढविणाऱ्याच आहेत, आणि त्यांच्या उलट वागले तर, औषधोपचार चालू असतानाच, रुग्णाला पुष्कळ आराम देता येतो, ही गोष्ट जितकी सर्वश्रुत असावयास हवी तितकी ती झालेली नाही.

धाप ही वेदनेप्रमाणेच एक संवेदना आहे. मेंदू श्वसनाच्या स्नायूंना हुकूम सोडतो, आणि फुप्फुसे, छातीची भिंत व चेहरा यांच्याकडून त्या हुकमाची तामील कितपत झाली याची वर्दी त्याच्याकडे परत येते. मागणी आणि वर्दी यांचा मेळ बसेनासा झाला म्हणजे श्वास पुरत नाही अशी जाणीव होते. म्हणूनच रक्तातील प्राणवायूचे प्रमाण समाधानकारक असूनही एखादा रुग्ण कासावीस होतो, तर ते उतरलेले असताना दुसरा शांत बसलेला दिसतो. मूळ रोग बरा होण्याजोगा नसला तरी ही जाणीव सौम्य करता येते, आणि त्यासाठी लागणारे पहिले साधन, साधा हातपंखा, पूर्वी आपल्या प्रत्येक घरात असे.

नाक, गाल व वरचा ओठ या भागांत मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या मज्जातंतूच्या शाखा पसरलेल्या असतात. त्यांना गार वाऱ्याचा स्पर्श झाला की श्वास नीट चालला आहे अशी वर्दी मेंदूला मिळते, असे या आरामाचे स्पष्टीकरण दिले जाते. इंग्लंडमधील केंब्रिज येथे ५० रुग्णांवर केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रत्येक रुग्णाने बॅटरीवर चालणाऱ्या लहान पंख्याचा वारा पाच मिनिटे चेहऱ्यावर व पाच मिनिटे पायावर घेतला, आणि चेहऱ्यावरील वाऱ्याने धाप स्पष्टपणे कमी झाल्याचे आढळले. तो छोटा पंखा चेहऱ्यापासून सुमारे १५ सेंटीमीटरवर, म्हणजे वितीहून काहीशा कमी अंतरावर धरावा, वारा नाकाच्या व ओठांच्या बाजूस येऊ द्यावा, आणि डोळ्यांवर झोत येत असल्यास तो जरा खाली वळवावा. शक्य असेल तर पंखा रुग्णाच्याच हाती द्यावा, कारण आराम आपल्या हातात आहे या भरवशाचे मोल वाऱ्याहून कमी नाही. पंखा नसेल तर ओला, गार रुमाल चेहऱ्यावरून फिरवावा. मात्र क्षयासारखा हवेतून पसरणारा संसर्ग असल्यास इतरांच्या सान्निध्यात पंखा वापरू नये.

बसण्याच्या पद्धतीचेही तसेच आहे. धापेच्या रुग्णाला उताणे निजविणे हा जवळजवळ जुलूमच होय. त्याला पुढे झुकवून बसवावे, समोरच्या टेबलावर दोन उशा ठेवाव्यात आणि त्यांवर त्याचे दोन्ही हात व वाटल्यास मस्तकही विसावू द्यावे. हातांना असा आधार मिळाला की मान-खांद्यांचे स्नायू श्वसनाच्या मदतीस मोकळे होतात आणि श्वासपटलाचे काम सुलभ होते. चालता चालता दम लागला तर भिंतीला पाठ टेकावी, किंवा कठड्यावर हात ठेवून वाकून उभे राहावे.

‘दीर्घ श्वास घ्या’ हा उपदेश जुनाट फुप्फुसविकाराच्या रुग्णास तर विशेषच अनुचित ठरतो, कारण त्याची अडचण श्वास सोडण्याची असते: श्वासनलिका लवकर मिटतात, शिळी हवा आत कोंडून राहते आणि ताज्या हवेला जागा उरत नाही. त्याने नाकाने हलकेच श्वास घ्यावा आणि बशीतल्या चहावर फुंकर घालावी तसे ओठ आवळून, घेण्याच्या दुप्पट वेळ लावून, तो सोडावा. उठताना, जिना चढताना, बादली उचलताना ज्या क्षणी जोर लावावयाचा त्या क्षणी श्वास सोडावा. न्हाणीघरात स्टूल ठेवून बसून स्नान करावे. दम लागतो म्हणून चालणे अजिबात बंद करणे मात्र अहिताचे. त्याने स्नायू दुबळे होतात आणि दुबळ्या स्नायूंनी थोड्याशा श्रमानेही धाप लागते, तेव्हा वैद्यकीय सल्ल्याने, विसावा घेत घेत, रोज काही पावले चालावीच.

धापेबरोबर भीती येते, भीतीने श्वास उथळ व जलद होतो, आणि त्याने धाप बळावते. खोलीत एकाच माणसाने थांबावे, खिडकी उघडावी, रुग्णाजवळ बसून स्वतः संथपणे श्वास सोडत राहावे आणि त्याला प्रश्न विचारू नयेत. धापेत उत्तर देणेही कष्टाचे असते.

राहिला प्रश्न प्राणवायूच्या नळकांड्याचा. रक्तात प्राणवायू खरोखर कमी असेल त्याला तो अवश्य हवा. परंतु ज्यांच्या रक्तात तो तितका कमी नव्हता अशा २३९ रुग्णांपैकी काहींना प्राणवायू व काहींना साधी हवा नाकातील नळीवाटे देऊन पाहिली असता दोन्ही गटांना सारखाच आराम पडला, असे २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. म्हणून नळकांडे भाड्याने आणण्याची तजवीज करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. धाप एकाएकी उद्भवली, छातीत दुखू लागले, ओठ निळे पडले, थुंकीतून रक्त आले किंवा दम्याचा झटका नेहमीच्या औषधाने आवरेना, तर पंखा व उशा यांवर विसंबून क्षणही न दवडता रुग्णाला इस्पितळात न्यावे.