नव्या शिक्षकांनो, स्वतःकडेही लक्ष द्या

शिक्षक भरतीची यादी लागली की वस्तीत पेढे वाटले जातात, विहारात सत्कार होतो, फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतात. सहा महिन्यांनी त्याच मुलाला किंवा मुलीला आम्ही भेटतो, तेव्हा आवाज बसलेला असतो आणि ''कसं चाललंय?'' या प्रश्नाला ''चालू आहे'' एवढेच उत्तर मिळते. समाजकार्याच्या निमित्ताने अशा अनेकांशी आमचे बोलणे होते. त्यातून लक्षात आलेल्या काही गोष्टी इथे मांडत आहोत.

आधी पैशाचे. जिल्हा परिषद शाळेत निवड झालेला उमेदवार पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक असतो. २०२३ पासून प्राथमिकसाठी महिना १६ हजार, माध्यमिकसाठी १८ हजार आणि उच्च माध्यमिकसाठी २० हजार रुपये मानधन आहे. घरच्यांच्या लेखी मात्र मुलगा 'सरकारी नोकरीला' लागलेला असतो. घरातली पहिलीच नोकरी असेल तर बहिणीचे लग्न, वडिलांचा दवाखाना, शिक्षणाचे कर्ज आणि जयंतीची वर्गणी, सगळे त्या १६ हजारांवर येते. पहिल्याच महिन्यात घरच्यांसमोर कागदावर हिशेब मांडा. खोलीभाडे, पेट्रोल, खानावळ वजा जाता काय उरते ते दाखवा. लाज वाटते, मान्य आहे. पण न सांगता हातउसने घेत राहिलेल्यांची अवस्था आम्ही पाहिली आहे.

खोलीचा प्रश्न वेगळाच. काही गावांत आडनाव विचारले जाते आणि मग खोली ''कालच दिली'' असते. हा अपमान एकट्याने गिळून रोज वर्गात हसतमुखाने उभे राहायचे, यात माणूस आतून झिजतो. असे घडले तर विश्वासातल्या सहकाऱ्याला, शिक्षक संघटनेतल्या कोणाला तरी सांगा. तालुक्याच्या गावी राहून जाणे-येणे करावे लागले तर तो पळपुटेपणा नाही.

वेळेबाबत कायदाच आपल्या बाजूने आहे, हे फार कमी जणांना ठाऊक असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास सांगितले आहेत, आणि त्यात पाठाची तयारीही धरलेली आहे. म्हणजे तयारी हे रात्री जागून करायचे फुकटचे काम नव्हे. त्याच कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना लावता येत नाहीत. नवा म्हणून ऑनलाइन माहिती भरण्याचे प्रत्येक काम आपल्याच गळ्यात पडत असेल, तर मुख्याध्यापकांना नम्रपणे ''यातले आधी कोणते करू?'' असे विचारा. थेट नकारापेक्षा हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो, असे अनेकांनी सांगितले.

शरीराचे तर कोणी बोलतच नाही. एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता असल्या की दिवसभर ओरडावे लागते. एका इयत्तेला लेखनकाम द्या आणि तेवढा वेळ घशाला विश्रांती. काही शिक्षिका शाळेत धड स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत, मग लघवीच्या जळजळीने हैराण होतात. हा दोष त्यांचा नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय इतिवृत्तात नोंदवून घ्यायला हवा.

''सावित्रीमाईंनी शेण-चिखल सोसला, तुम्हाला एवढे जमत नाही?'' असे नव्या शिक्षिकांना ऐकवले जाते. पण १८५६ मध्ये आजारी पडल्यावर सावित्रीमाई माहेरी नायगावला गेल्या होत्या आणि बरे होईपर्यंत तिथेच थांबल्या होत्या. तिथून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात, आपल्यामागे फातिमावर कामाचा भार पडत असेल याची काळजी आहे. त्यांनी विश्रांती घेतली आणि मागे काम सांभाळायला सहकारी होती. प्रत्येक नव्या शिक्षकाला अशी एक फातिमा हवी. शेजारच्या शाळेतली असली तरी चालेल.

झोप उडाली, शाळेच्या नुसत्या विचाराने छातीत धडधडू लागले, असे आठवडेच्या आठवडे चालले, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. ही सरकारी मोफत सेवा आहे, रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येते.

आणि विहार समितीच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. गावात नवा शिक्षक आला की रविवारचा वर्ग, जयंतीचे सूत्रसंचालन, अहवाल लेखन सगळे त्याच्याकडे सोपवले जाते. निदान पहिले वर्षभर महिन्यातले दोन रविवार त्याला मोकळे सोडा.