पक्षी पोज देत नाहीत

पक्ष्यांच्या फोटोंचा नाद लागलेल्या माणसाला लोक दोन गोष्टी हमखास विचारतात: लेन्स केवढ्याला पडली, आणि किती लांबचं दिसतं तिच्यातून? निम्मे गैरसमज या दोन प्रश्नांतच आले. उरलेले निम्मे आम्हा नादिष्टांचे स्वतःचे, आणि त्यांची किंमत पक्षी मोजतात.

लेन्स मोठी, तर फोटो चांगला.

अंतर दुप्पट झालं की चौकटीतला पक्षी एक चतुर्थांश जागेत मावतो, हे खरं. म्हणून ४०० ते ६०० मिलिमीटरची लेन्स लागते, हेही खरं. पण भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर ऊन चढल्यावर जाऊन बघा. पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि पलीकडचा पट्टकदंब हंस विरघळल्यासारखा दिसतो. महागडी लेन्स ती थरथर मोठी करून दाखवते, एवढंच. उजाडायच्या आत नावेत बसलेला साध्या झूमवाला तिथं बाजी मारून जातो.

मातकट कपडे घातले की पक्ष्याला आपण दिसत नाही.

दिसतो, आणि बराच स्वच्छ दिसतो. पक्ष्यांची रंगदृष्टी आपल्यापेक्षा सरस. पुष्कळ जातींना अतिनील किरणंही दिसतात. त्यांना बिथरवते ती मुख्यतः हालचाल. छद्मवेशी जाकीट घालून सारखा हात हलवणाऱ्यापेक्षा गाडीची काच खाली करून गप्प बसलेल्या माणसाला पक्षी जास्त जवळ येऊ देतात.

‘फोटोच तर काढतो, बंदूक थोडीच चालवतो!’

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीची जी व्याख्या केली आहे, तीत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणंही येतं. बंदुकीची अट तिथं नाही.

कायदा बाजूला ठेवून तिबोटी खंड्याकडे बघू. जेमतेम १३ सेंटिमीटरचा पक्षी. पावसाळ्याच्या तोंडाशी कर्नाळ्याच्या रानात, कोकणातल्या ओढ्यांकाठी तो विणीला येतो. मातीच्या उभ्या दरडीत, कधी रस्त्यासाठी तासलेल्या कडेलाही, बीळ कोरतो. पिल्लं झाली की नर-मादी दिवसभर सापसुरळ्या, पाली, कोळी, छोटे बेडूक आणत राहतात. या दिवसांत बिळासमोर तिवयांची रांग लागते. पावसाळी जंगलात उजेड बेताचा, म्हणून जो तो आणखी थोडं पुढे सरकतो.

खंड्या चोचीत सापसुरळी धरून येतो आणि बिळात न शिरता समोरच्या काटकीवर बसतो. मान वरखाली करतो, शेपूट झटकतो, इकडेतिकडे बघतो. पुन्हा उडतो, पुन्हा तिथंच येऊन बसतो. शटर धडाधड वाजत असतात. ‘काय पोज देतोय!’ असं कुजबुजलं जातं. वास्तविक समोरची माणसं कधी हलतात, याचीच तो वाट बघत असतो. चोचीतला घास आत पोचलेला नसतो आणि तेवढा वेळ पिल्लं उपाशी असतात. फोटोखाली शंभर शाबासक्या पडतात; त्यात हे कुणी विचारत नाही. माझ्या मते चोचीत भक्ष्य घेऊन ताटकळलेल्या पक्ष्याचा फोटो ही छायाचित्रकाराविरुद्धची साक्ष असते.

घरट्यावरच्या फोटोंची परंपरा जुनी आहे, असं समर्थन लगेच पुढे येतं. आहे खरी. पण फिल्म मंद आणि लेन्स आखूड होत्या, त्या काळात पक्षी नक्की कुठं येणार हे घरट्याशीच ठाऊक असायचं. आज उडती पाकोळी टिपणारे कॅमेरे हातात आहेत. ती लाचारी संपली. अनेक स्पर्धा आता घरट्यावरचे फोटो घेतच नाहीत.

हात लागला की आई पिल्लाला टाकते.

माणसाच्या वासानं आईबाप पिल्लू टाकत नाहीत. खाली पडलेलं पिल्लू खुशाल उचलून परत घरट्यात ठेवावं; पिसं फुटलेलं असेल तर जवळच्या फांदीवर. पण या समजुतीची उलटी बाजू वाईट आहे. ‘हात नाही ना लावला, मग झालं’ म्हणत लोक तासन् तास घरट्याजवळ बसतात. आडवी येणारी डहाळी मोडतात. त्या डहाळीनं घरट्यावर सावली धरलेली असते आणि कावळ्यापासून आडोसाही दिलेला असतो.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावला तर काय बिघडतं?

विणीच्या दिवसांत नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. खाणंपिणं सोडून तो त्याला शोधत फिरतो. ‘मस्त रिस्पॉन्स देतोय’ म्हणतात, तेव्हा तो कुठंच नसलेल्या शत्रूशी भांडत असतो.

रोहित पक्ष्यांचा थवा उडवल्याशिवाय फोटोला मजा नाही.

पंखांतला लालगुलाबी रंग उडतानाच दिसतो, त्यामुळे ‘जरा नाव जवळ घ्या की’ असा आग्रह नाववाल्याला होतो. रोहित खातो तो मान खाली, चोच उलटी पाण्यात घालून, चिखलपाणी गाळत. थव्यातल्या माना एकदम ताठ वर आल्या, की खाणं थांबलं असं समजावं. नाव तिथंच थांबवायची. सगळे एका दिशेला चालू लागले, तर आपण आधीच फार पुढे आलो आहोत. उडायला त्यांना पाण्यावरून धावत वेग घ्यावा लागतो. आपल्या एका चित्रासाठी शेकडो पक्ष्यांना ती दमछाक. थवे आपणहूनही जागा बदलतात. थांबायची तयारी असेल तर उडते रोहित मिळतात.

धूसर फोटो म्हणजे कचरा.

सर्वांत खोटी समजूत हीच, आणि पक्ष्याच्या जवळ जाण्याची हाव बरीचशी इथून येते. ओळख पटण्यापुरता, तारीख आणि ठिकाण असलेला सामान्य फोटो ई-बर्डसारख्या ऑनलाइन पक्षीनोंदवहीत पुराव्याचं काम करतो. नाजूक जातींची नेमकी ठिकाणं तिथं झाकून ठेवतात. गावभर लोकेशन वाटणाऱ्या आपल्या गटांनी हे शिकावं. मंगोलियात गळ्यात क्रमांकाचे पट्टे घातलेले पट्टकदंब हिवाळ्यात भारतात दिसले आहेत. असा एखादा तुमच्या तळ्यावर उतरला, तर पक्षी तिरका आला, पार्श्वभूमी गचाळ आली, तरी चालेल. पट्ट्यावरची अक्षरं तेवढी वाचता यावीत.