वाहनातील बिनतारी संच : डॅशबोर्डमागच्या जोडणीवर संदेशाचा भरवसा

जबलपूर : गोहलपूरसारख्या दाट वस्तीच्या ठाण्याचे गस्ती वाहन असो वा रुग्णवाहिका, नियंत्रण कक्षाशी तिचा थेट दुवा म्हणजे डॅशबोर्डमधील बिनतारी संच. मोबाइल यंत्रणा मनोरे आणि वीजपुरवठ्यावर अवलंबून असते. बिनतारी संच मात्र दुसऱ्या संचाशी थेट बोलू शकतो. २२ मे १९९७ रोजी भूकंपाचा तडाखा सोसलेल्या जबलपूरला अशा स्वतंत्र दुव्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. मात्र संच कितीही चांगला असला तरी त्याची जोडणी चुकली, तर तो नेमका संकटकाळी मुका होतो.

या शहराचे बिनतारी संदेशवहनाशी जुने नाते आहे. लष्कराच्या सिग्नल कोरचे प्रशिक्षण केंद्र आणि सैन्यासाठी ट्रक बनवणारा वाहन कारखाना, दोन्ही येथेच आहेत.

जोडणीत पहिला प्रश्न विजेचा. बोलण्याचे बटण दाबल्यावर ५० वॉटचा संच साधारण १० अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह ओढतो. ऐकताना ही गरज अगदी थोडी असते. म्हणून सिगारेट लायटरच्या खाचेतून वा डॅशबोर्डमधील एखाद्या बारीक तारेतून वीज घेणे घातक ठरते. जाण्या-येण्याच्या तारांचा एकत्रित रोध केवळ ०.२ ओहम असला, तरी १० अँपिअर प्रवाहाला २ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. बॅटरीवर १२.६ व्होल्ट असूनही संचापर्यंत १०.६ व्होल्टच पोहोचतात. परिणामी पलीकडचे बोलणे स्पष्ट ऐकू येते. पण उत्तर देऊ जाताच संच बंद पडतो.

यावर उपाय म्हणजे थेट बॅटरीपासून आणलेली जाड तार. तिचा फ्यूज संचाजवळ नव्हे, तर बॅटरीजवळ हवा. तार कोठेही घासून गाडीच्या पत्र्याला टेकली, तर फ्यूजअलीकडच्या भागाला संरक्षण उरत नाही आणि आगीचा धोका संभवतो. २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये १२ व्होल्टचा संच बसवताना कन्व्हर्टर अनिवार्य आहे.

दुसरा प्रश्न अँटेनाचा. १५० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे २ मीटर. म्हणून तिचा चतुर्थांश, अर्थात साधारण ५० सेंटिमीटरचा अँटेना वापरतात. तो धातूच्या छताच्या मध्यभागी उत्तम चालतो, कारण छताचा पत्राच अँटेनाचा दुसरा अर्धा भाग होतो. काचेच्या किंवा फायबरच्या छतावर हा आधार मिळत नाही. बसवल्यानंतर एसडब्ल्यूआर मीटरने तपासणी आवश्यक असते. हे प्रमाण १.५ असल्यास सुमारे ४ टक्के शक्ती परत फिरते. २ झाल्यास ११ टक्के. अँटेना न जोडता बटण दाबल्यास संचाचा प्रक्षेपण भाग निकामी होऊ शकतो.

तिसरा प्रश्न जिवाच्या सुरक्षेचा. नव्या मॉडेलच्या मोटारींत १ एप्रिल २०२१ पासून चालकाशेजारील आसनासाठीही एअरबॅग बंधनकारक आहे. ती क्षणार्धात उघडते. तिच्या वाटेत बसवलेला संच प्रवाशावर आदळू शकतो. त्यामुळे संच आणि मायक्रोफोन त्या कक्षेबाहेर असावेत. एअरबॅगच्या, बहुधा पिवळ्या आवरणाच्या, तारांना हात लावू नये. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण जोडणी काढून, वाहन उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबावे. अँटेनाची केबल इंजिन नियंत्रणाच्या तारांपासून दूर न्यावी.

शेवटचा प्रश्न कायद्याचा. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातील ठरावीक अल्पशक्तीची उपकरणे परवान्यातून मुक्त आहेत. मात्र पोलीस वा व्यावसायिक वापराच्या शक्तिशाली संचांसाठी परवानगी लागते. हौशी रेडिओचालकांनाही परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. परवाना व वारंवारितेची माहिती न देता होणाऱ्या वॉकीटॉकींच्या ऑनलाइन विक्रीला आळा घालण्यासाठी मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. अनधिकृत संचाचा एक चुकीचा संदेश पोलिसांच्या किंवा आपत्कालीन सेवेच्या वाहिनीत अडथळा आणू शकतो, आणि त्याच क्षणी कोणीतरी त्याच वाहिनीवर मदतीची वाट पाहत असू शकते.