शब्द बदलणाऱ्या यंत्राची परीक्षा

(नभोवाणीवरील भाषण)

इसवी सन २०२३ मध्यें उस्मानाबाद शहराचें व जिल्ह्याचें नांव धाराशिव असें झालें. राजपत्रांत असा बदल एका वाक्यांत होतो; पण कचेऱ्यांच्या, शाळांच्या आणि पतपेढ्यांच्या दप्तरांत तेंच नांव हजारों ओळींत पसरलेलें असतें. दप्तरें कागदावर होतीं तेव्हां कारकून जुन्या नांवावर रेघ मारून वर नवें नांव लिहीत असे. आतां तीं संगणकांत आहेत, आणि तेथें हेंच काम एका ओळीच्या आज्ञेनें क्षणार्धांत होऊं शकतें. ही आज्ञा चालविणारें साधन कोणतें, आणि त्यावर विसंबण्यापूर्वीं त्याची परीक्षा कशी घ्यावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

या साधनाचें नांव 'सेड'. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ली मॅक्मॅहन यांनीं तें सन १९७३-७४ च्या सुमारास लिहिलें, आणि युनिक्स या संगणक-प्रणालीच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीबरोबर तें बाहेर पडलें. त्यापूर्वीं केन टॉम्प्सन यांनीं रचलेला 'एड' नांवाचा संपादक होता. 'एड' सगळा मजकूर उघडून बसतो व पुढील सूचनेची वाट पाहतो. 'सेड'ची रीत निराळी आहे. रहाटगाडग्याचीं गाडगीं जशीं एकामागून एक वर येतात, तशा मजकुराच्या ओळी त्याच्यापुढें येतात. तो एक ओळ हातीं घेतो, तिच्यावर नेमून दिलेल्या आज्ञा क्रमानें चालवितो, ती पुढें सोडतो आणि दुसरी घेतो. मुद्दाम सांगितल्याशिवाय मागची ओळ तो ध्यानांत ठेवीत नाहीं आणि पुढची पाहत नाहीं. म्हणूनच मजकूर केवढाही असला तरी त्याचें ओझें त्याला होत नाहीं. पन्नास वर्षें लोटलीं, तरी लिनक्स वापरणाऱ्या बहुतेक यंत्रांवर तो आजहि असतो.

त्याची मुख्य आज्ञा शब्द बदलण्याची. ती तोंडी सांगावयाची तर अशी : 'एस' हें इंग्रजी अक्षर, तिरपी रेघ, जुना शब्द, तिरपी रेघ, नवा शब्द, आणि शेवटीं आणखी एक तिरपी रेघ. समजा, आपण उस्मानाबादच्या जागीं धाराशिव घालण्याची आज्ञा लिहिली, चार ओळींवर चालवून पाहिली, आणि चारही ओळी बरोबर आल्या. एवढ्यावर समाधान मानून पुष्कळजण थांबतात. परंतु साध्या प्रसंगीं साधन नीट चालतें, हें कळल्यानें फारसें कांहीं कळलेलें नसतें. नेहमींच्या व्यवहाराच्या अगदीं कडेला पडणाऱ्या प्रसंगीं तें काय करतें, हें पाहिल्यावांचून परीक्षा पुरी होत नाहीं. अशांना आपण 'कडेचे प्रसंग' म्हणूं.

पहिला कडेचा प्रसंग संख्येचा. 'उस्मानाबाद ते नांदेड व परत उस्मानाबाद' अशी एक ओळ घ्या. वर सांगितलेली आज्ञा यांतील पहिलेंच नांव बदलते. ओळींतील सर्व नांवें बदलावीं असें वाटत असेल तर आज्ञेच्या शेवटीं 'जी' हें अक्षर जोडावें लागतें. ज्यानें एका ओळींत एकच नांव असलेल्या नमुन्यावर परीक्षा घेतली, त्याच्या हें लक्षांतहि येणार नाहीं. तसेंच दुसरें टोक शून्याचें. 'शेवटच्या ओळीनंतर यादी समाप्त असें लिही' ही आज्ञा अगदीं रिकाम्या यादीवर चालविली तर 'सेड' कांहींच लिहीत नाहीं. कारण एकही ओळ त्याच्या हातीं आली नाहीं, मग शेवटची कोठून येणार? तात्पर्य, एक, अनेक आणि शून्य या तिन्ही संख्या तपासावयाच्या असतात.

दुसरा प्रसंग ओळींच्या सांध्याचा. एखाद्या यादींत 'उस्माना-' एका ओळीच्या शेवटीं आणि 'बाद' दुसरीच्या आरंभीं असेल, तर ओळीओळीनें पाहणाऱ्या 'सेड'ला तो शब्द सांपडतच नाहीं. यासाठीं पुढची ओळ जोडून घेण्याची एक आज्ञा आहे, तिला 'एन' म्हणतात. पण तिच्याहि कडा आहेत. नुसत्या 'एन'नें पहिली व दुसरी, तिसरी व चौथी अशा जोड्या पडतात. शब्द दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळींत तुटला असेल तर तो निसटतो. शिवाय ओळींची संख्या विषम असेल तर शेवटच्या ओळीला जोडीदार उरत नाहीं. अशा वेळीं ती ओळ न छापतांच थांबावें असें युनिक्सचें मानक सांगतें. ग्नू प्रकल्पाचा प्रचलित 'सेड' मात्र ती छापून थांबतो. म्हणजे एकच आज्ञा एका यंत्रावर यादी पुरी देईल आणि दुसऱ्यावर शेवटची ओळ गाळील. त्या ओळींत ज्या विद्यार्थ्याचें नांव असेल, त्याच्या दृष्टीनें हा फरक लहान नाहीं.

तिसरा प्रसंग विशेष अर्थाच्या चिन्हांचा. शोधावयाच्या शब्दांत पूर्णविराम आला तर 'सेड' त्याचा अर्थ 'कोणतेंही एक चिन्ह' असा घेतो. कोणी 'जि.' या संक्षेपाच्या जागीं 'जिल्हा' घालूं पाहिलें, तर मुळांत जेथें 'जिल्हा' हा पूर्ण शब्द होता तेथील 'जिल' एवढें त्याच्या तावडींत सांपडतें आणि 'जिल्हा्हा' असा विद्रूप शब्द तयार होतो. १७/९/१९४८ अशी तारीख लिहिली तर तिच्यांतील तिरप्या रेघा आज्ञेच्याच रेघा समजल्या जातात. आणि दुकानांच्या पाट्यांवर दोन नांवांमध्यें 'आणि' या अर्थानें जें इंग्रजी चिन्ह घालतात, तें नव्या शब्दांत आलें तर 'सांपडलेला जुना शब्द येथें पुन्हा लिही' असा त्याचा अर्थ होतो. या प्रत्येकावर उलट तिरप्या रेघेचा उपाय आहे. परंतु उपाय करण्यापूर्वीं दुखणें ठाऊक असावें लागतें.

येथवर सांगितलेल्या अडचणी कोणत्याही लिपींत येतात. आतां देवनागरीच्या खास अडचणी पाहूं. 'नांदेड' या शब्दांत आपल्याला तीन अक्षरें दिसतात. संगणकाच्या युनिकोड पद्धतींत मात्र न, काना, अनुस्वार, द, मात्रा आणि ड अशीं सहा चिन्हें असतात, आणि नेहमींच्या साठवणींत प्रत्येक चिन्हाला तीन याप्रमाणें अठरा बाइट लागतात. 'शेवटचें चिन्ह काढ' अशी आज्ञा 'नांदेडचे' या शब्दावर चालविली तर 'चे' जात नाहीं. फक्त मात्रा जाते व 'नांदेडच' उरतें. यंत्राला भाषेची मांडणीच सांगितलेली नसेल तर तें बाइट मोजतें, एका चिन्हाचा एकतृतीयांश तुकडा तोडतें, आणि पडद्यावर न वाचतां येणारी खूण उरते.

याहून फसवें उदाहरण 'शेतकऱ्यांची यादी' या साध्या शब्दांचें. यांतील 'ऱ्य' तीन तऱ्हांनीं लिहितां येतो : 'ऱ' या स्वतंत्र चिन्हानें, साध्या 'र'ला खालीं नुक्ता देऊन, किंवा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. तिन्हींचें छापील रूप सामान्यतः सारखेंच दिसतें. पहिल्या दोन तऱ्हा समान मानाव्या असें युनिकोडचा नियम सांगतो. पण 'सेड' केवळ चिन्हांशीं चिन्हें ताडून पाहतो, समानतेचा विचार करीत नाहीं. त्यामुळें लातूरच्या एका कचेरींत पहिल्या तऱ्हेनें लिहिलेला शब्द, नांदेडच्या दुसऱ्या कचेरींत तिसऱ्या तऱ्हेनें लिहिलेल्या यादींत शोधला, तर तो डोळ्यांना समोर दिसत असतांहि यंत्र 'नाहीं' म्हणतें.

लेखनपद्धतीचाहि असाच प्रश्न आहे. हा लेख ज्या पद्धतीनें छापला आहे तिच्यांत 'गांव', 'नांव', 'नांदेडांत' असे अनुस्वार दिले जातात. सन १९६२ च्या नियमांनीं ते गेले. जुनें व नवें दप्तर एकत्र केलें तर 'गांव' आणि 'गाव' हे यंत्राच्या लेखीं दोन निराळे शब्द ठरतात.

मग विभक्ति येते. 'लातूर'मधील दीर्घ ऊकार सामान्यरूपांत ऱ्हस्व होतो. म्हणून 'लातूर' शोधणाऱ्याला 'लातुरांत' व 'लातुरास' सांपडत नाहींत. 'उस्मानाबादेंत' या शब्दांतील मूळ नांव बदललें तर 'धाराशिवेंत' असें रूप निघतें, तें कोणीहि मराठी मनुष्य बोलणार नाहीं. अशा रूपांचें महत्त्व केवळ व्याकरणापुरतें नाहीं. निजामकालीन नोंदींत 'कुणबी' हा एक शब्द आढळतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं शासनानें सन २०२३ मध्यें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. मोडी व उर्दू कागद माणसांनींच वाचावे लागतात. पण अशा नोंदींची मराठी नक्कल संगणकांत आल्यावर कोणी नुसतें 'कुणबी' शोधलें, तर 'कुणब्याचें शेत' ही नोंद हातीं लागणार नाहीं, आणि एखाद्या घराण्याचा कागद असूनहि नसल्यासारखा होईल.

शेवटचा वर्ग अर्थाच्या कडेचा, आणि तो सर्वांत बिकट आहे. कारण येथें यंत्र सांगितलेलें काम अचूक करतें आणि तरीहि परिणाम चुकीचा होतो. शेळ्यांची 'उस्मानाबादी' ही जात प्रसिद्ध आहे. सरसकट बदलांत तिची 'धाराशिवी' होईल. 'उस्मानाबादकर' असें कोणाचें आडनांव असेल तर तेंहि बदलेल, आणि त्याच्या इतर कागदांशीं तें जुळेनासें होईल. लातूर जिल्हा उस्मानाबादेंतून वेगळा झाला तो सन १९८२ मध्यें. म्हणून १९७५ सालच्या जन्मनोंदींत 'लातूर, जिल्हा उस्मानाबाद' असें असेल, तर तें त्या काळीं खरें होतें. तेथें 'लातूर, जिल्हा धाराशिव' असें घातलें तर तें तेव्हांहि खरें नव्हतें आणि आजहि नाहीं. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके तर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यांत, पुढें उस्मानाबादेंत आणि १९८२ पासून लातुरांत आहेत. जुन्या नोंदीला हात लावावा कीं नाहीं, हा प्रश्न 'सेड'ला विचारतां येत नाहीं. तो नोंद ठेवणारानें ठरवावयाचा असतो.

आणखी एक परीक्षा अवश्य घ्यावी : तीच आज्ञा दुसऱ्यांदा चालविली तर काय होतें? सन १९९४ मध्यें मराठवाडा विद्यापीठाचें नांव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असें झालें. आज्ञा लिहिली, 'मराठवाडा विद्यापीठ' याच्या जागीं हें पूर्ण नांव. ती चुकून दोनदां चालली तर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हे शब्द दोनदां येतात, कारण नव्या नांवांतहि जुनें नांव आहेच. आणि त्याच वर्षीं नांदेड येथें स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या नांवांतहि तेच दोन शब्द असल्यामुळें पहिल्याच फेरींत त्या विद्यापीठाच्या मध्यभागीं दुसरें विद्यापीठ घुसतें! आज्ञांच्या क्रमाचेंहि असेंच. दोन रकान्यांतील अदलाबदल झालेलीं नांवें सरळ करण्यासाठीं कोणी आधीं नांदेडचें लातूर आणि मग लातूरचें नांदेड केलें, तर शेवटीं सर्वत्र नांदेडच उरतें. कारण दुसरी आज्ञा पहिलीनें केलेल्या ओळीवरच चालते. येथें मध्यें एखादा तात्पुरता, कोठेंहि न आढळणारा शब्द वापरावा लागतो.

हें सर्व ऐकून साधनच टाकून द्यावें असें वाटण्याचें कारण नाहीं. परीक्षेची रीत अवघड नाहीं. वर सांगितलेल्या प्रत्येक प्रसंगाची एकेक ओळ घेऊन पंधरा-वीस ओळींची एक छोटी यादी करावी. आज्ञा चालविण्यापूर्वीं प्रत्येक ओळीचें अपेक्षित उत्तर स्वतंत्र कागदावर लिहून ठेवावें. मागाहून लिहिलें तर मन यंत्राच्याच उत्तराला बरोबर म्हणूं लागतें. ज्या ओळी बदलूं नयेत त्याहि यादींत अवश्य असाव्या. मग मूळ दप्तराची एक प्रत अलग ठेवून आज्ञा तिच्या नकलेवर चालवावी, दोन्हींतील ओळींची संख्या ताडून पाहावी, आणि फरकाच्या ओळी तेवढ्या छापून माणसाच्या डोळ्यांनीं वाचाव्या. यंत्र बदललें किंवा 'सेड'ची आवृत्ति बदलली कीं हीच छोटी यादी पुन्हा चालवावी.

एवढ्या कामाला एक दुपार पुरते. उलट, एका चुकीच्या आज्ञेनें बिघडलेली जन्मनोंद दुरुस्त करून घेण्यासाठीं घरांतल्या कर्त्या माणसाला कचेरीच्या किती फेऱ्या घालाव्या लागतात, हें आपल्यापैकीं पुष्कळांना ठाऊक आहे.