दोन चाकं, एक साखळी (भाग ५) : उलट्या जोराचा हिशेब

मागच्या आठवड्यात आपण जुन्या काळ्या रोडस्टर सायकलीचा सांगाडा मोकळा केला. स्टँड, कॅरिअर, साखळीचं बंद कव्हर, मडगार्ड, डायनॅमो, सळ्यांचे ब्रेक असं सगळं उतरवलं आणि एकेक भाग काट्यावर तोलून वहीत मांडला. आपल्या सौंसर-पांढुर्ण्याकडे संत्र्यामुळे काटा शोधत फिरावं लागत नाही. ज्यांनी हे काम मनापासून केलं, त्यांच्या वहीत एक गोष्ट आपसूक उतरली असेल. विसेक किलोच्या त्या सायकलीतलं बरंच वजन चालवणाऱ्यासाठी नव्हतंच. ते दुधाच्या कॅनसाठी, वैरणीच्या भाऱ्यासाठी, मागे बसणाऱ्या माणसासाठी होतं. ते उतरवायला पैसा लागला नाही. एक पाना आणि एक संध्याकाळ पुरली.

आज बसवायचं काम आहे, आणि तेही मागच्या चाकाचं. आपल्या हलक्या, बिनगिअरच्या, फिक्स्ड सायकलीचं सगळं मर्म या एका चाकात आहे. सगळा धोकाही तिथंच आहे.

साध्या सायकलीत मागच्या चाकावर फ्रीव्हील असते. पायडल मारलं की तिच्या आतले खटके दात्यांत अडकतात आणि चाक फिरतं. पाय थांबवले की खटके टकटक करत घसरतात, चाक आपलं फिरत राहतं. फिक्स्ड सायकलीत हे खटके नाहीत. दात्यांचा चक्का हबवर पक्का बसलेला असतो. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार आणि पायडल फिरतंय तोवर पाय फिरणार. पाय मागे रेटले तर सायकल मंदावते. पायडलची सायकल पहिल्यांदा बनली तेव्हा अशीच होती. फ्रीव्हील सर्वत्र रुळली ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. आजही वेलोड्रोमवरच्या शर्यती फिक्स्ड सायकलींवरच होतात. पुण्याला बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात असा वेलोड्रोम आहे. ज्यांना ही सायकल तिच्या हक्काच्या जागी बघायची आहे, त्यांनी तिथं एकदा जरूर जावं.

आता मुख्य मुद्दा. साध्या सायकलीत साखळीचा जोर एकाच दिशेनं जातो, पुढे. म्हणून सायकलीचे आटे अशा बेतानं पाडलेले असतात की पायडल मारता मारता जोड आणखी आवळले जावेत. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कारण हेच, की चालता चालता ते पायडल सुटू नये. फिक्स्ड सायकलीत मात्र आपण पाय मागे रेटतो तेव्हा जोर उलटा जातो. ज्या आट्यांनी आयुष्यभर फक्त आवळणं पाहिलं, त्यांच्यावर पहिल्यांदा सोडवणारा जोर येतो. सायकलीतला प्रत्येक जोड या उलट्या जोरापुढे टिकेल का, एवढाच प्रश्न ही सायकल बांधताना विचारत राहायचा.

हा प्रश्न मी माझ्या पहिल्या सायकलीच्या वेळी विचारला नव्हता. पैसे वाचवायचे होते. जुनी फ्रीव्हील होतीच; ती वेल्डिंग करून घेतली, खटके कायमचे बंद झाले, सायकल फिक्स्ड झाली असं मानलं. सपाट रस्त्यावर चार दिवस ती छान चालली. पाचव्या दिवशी नदीच्या पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर वेग आवरायला पाय मागे रेटले आणि साखळीचा ताण एकाएकी नाहीसा झाला. वेल्डिंग शाबूत होतं. फ्रीव्हील अख्खीच्या अख्खी हबच्या आट्यांवरून सुटत होती. ब्रेक तर मी वजन कमी करायच्या हौसेत आधीच काढून टाकलेले. रस्त्याकडेच्या गवतात सायकल घातली म्हणून ढोपर फुटण्यावर निभावलं. दुसऱ्या दिवशी सायकल पाहून आमच्या गल्लीतले मिस्त्री एवढंच म्हणाले, "भाऊ, फ्री वेल्ड केली त उलटा जोर जाईन कुठं? आट्यावरच जाईन ना." ही लेखमाला लिहिण्याचं एक कारण ते वाक्य आहे.

म्हणून पहिला नियम: फ्रीव्हील वेल्ड करायची नाही. वेल्डिंगच्या उष्णतेनं दात्यांचा कडकपणा उतरतो तो वेगळाच. यासाठी बनलेलं ट्रॅक हब घ्यायचं. त्यावर आट्यांच्या दोन पायऱ्या असतात. आतली मोठी पायरी चक्क्याची, तिचे आटे सुलटे. बाहेरची थोडी लहान पायरी लॉकरिंगची, तिचे आटे उलटे, डाव्या पायडलसारखे. तुम्ही पाय मागे रेटलेत की चक्का सुटायला बघतो आणि लॉकरिंगवर दाबतो. पण त्याच दिशेनं फिरताना लॉकरिंग आवळली जाते. दोघं एकमेकांना अडवून धरतात. इतका साधा आणि इतका चोख विचार यंत्रांत फार थोड्या ठिकाणी सापडतो.

साध्या हबवर चक्का चढवून त्यामागे पायडलच्या धुऱ्याच्या कटोरीची लॉकरिंग आवळण्याचा एक जुगाड प्रचलित आहे. दोन्हींचे आटे एकाच मापाचे, १.३७ इंच व्यासाचे आणि इंचाला २४, असल्यानं ती बसतेही. पण ते आटे सुलटेच असतात. उलटा जोर आला की चक्का आणि लॉकरिंग दोन्ही एकाच दिशेनं सुटू शकतात. तिथं वाचलेले पैसे खरे वाचलेले नसतात.

हब विकत घेण्याआधी दोन मापं घ्या. सांगाड्याच्या मागच्या दोन काट्यांमधली फट पट्टीनं मोजा. ट्रॅक हबचं प्रचलित माप १२० मिलिमीटर आहे आणि जुन्या रोडस्टरची फट बहुधा त्याहून कमी भरते. लोखंडी सांगाडा थोडा फाकवता येतो, पण ते काम मिस्त्रींच्या हातून आणि दोन्ही बाजूंना सारखं व्हायला हवं. दुसरं माप भोकांचं. जुन्या रोडस्टरला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. नवीन रिम ३२ किंवा ३६ भोकांची मिळते. हब आणि रिम यांची भोकं जुळली नाहीत तर दोन्ही चांगल्या वस्तू घरात पडून राहतील.

रिम बदलावी का? पैसे कुठं घालावेत असं मला कोणी विचारलं तर मी पहिलं बोट रिमवर ठेवीन. काठावर फिरणारं वजन सायकलीबरोबर पुढेही जातं आणि गोल गोलही फिरतं. म्हणून थांबलेली सायकल वेगात आणताना रिम-टायरचा एक किलो जवळजवळ दोन किलोंइतका जोर मागतो. एकदा वेग लागला की हा फरक उरत नाही, आणि चढावर एकूण वजनच मोजलं जातं. पण गावात, बाजारात, दर चौकाला थांबत-निघत चालवताना तो फरक पायांना कळतो. दुसरं कारण पावसाचं. लोखंडी रिम ओली झाली की ब्रेकचे रबर घसरतात. ॲल्युमिनियमच्या रिमवर ते कितीतरी चांगले धरतात.

जुनी २८ इंची दीड टायरची रिम ६३५ मिलिमीटरची आणि नवीन ७०० सी रिम ६२२ मिलिमीटरची. फरक १३, म्हणजे रिमचा काठ साडेसहा मिलिमीटर खाली येतो. ब्रेकचे हात तेवढे लांब हवेत, आणि रोडस्टरच्या चिमट्यात जागा ऐसपैस असल्यानं लांब हातांचाच कॅलिपर ब्रेक मागून घ्यावा. टायर २३ चा नको, २८ किंवा ३२ चा घ्या. आपले रस्ते पाहता त्यानं वाढलेले काही ग्रॅम टळलेल्या पंक्चरच्या रूपानं परत मिळतात.

आता दात्यांचा हिशेब. समजा पुढचा चक्का जुनाच ठेवला आणि त्याला ४४ दाते आहेत. मागे १८ घेतले तर पायडलच्या एका फेरीत मागचं चाक २.४४ फेऱ्या फिरतं. ७०० सी रिमवर २८ च्या टायरचा घेर साधारण २.१४ मीटर, म्हणजे एका फेरीत सायकल सव्वापाच मीटर जाते. मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी २५ किलोमीटर. सौंसरहून सावनेरच्या दिशेनं जायला हे प्रमाण छान आहे. मागे १६ दाते घेतले तर तेवढ्याच फेऱ्यांत ताशी २८ मिळतील, पण प्रत्येक चढावर गुडघे त्याचं मोल देतील. नव्यानं शिकणाऱ्यानं १८ पासूनच सुरुवात करावी.

या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. पाय अडवून मागचं चाक घसरवत थांबण्याची काहींना सवय असते. पुढे ४८ आणि मागे १६ असतील तर प्रमाण नेमकं ३ येतं. पायडल ज्या जागी अडवाल, त्या जागी टायरचा दरवेळी तोच भाग रस्त्यावर येतो आणि टायरला एकाच ठिकाणी भोक पडतं. त्याच ४८ ला १७ लावले तर ती जागा सतरा ठिकाणी वाटली जाते. एका दात्याच्या फरकानं टायरचं आयुष्य बदलतं. तरीही माझं सांगणं असं, की अशा थांबण्यावर विसंबू नका.

विसंबायचं ते ब्रेकवर. वजन कमी करण्याच्या या सगळ्या खटाटोपात पुढचा ब्रेक काढायचा नाही. ब्रेक लागताच शरीराचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं हलकं होतं. म्हणून थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकात असते. पाय कितीही दणकट असले तरी ते मागच्याच चाकाला अडवतात. वेलोड्रोमवर ब्रेक नसतो, कारण तिथं सगळे एकाच दिशेनं जातात आणि समोरून ट्रॅक्टर येत नाही.

उतारावर तर हा प्रश्न आणखी धारदार होतो. सौंसरहून छिंदवाड्याकडे निघालं की रामाकोन्याच्या पुढे सिल्लेवानीचा घाट लागतो. त्या उतारावर साधी सायकल सहज ताशी ५० ला पोचेल. ४४-१८ च्या फिक्स्ड सायकलीवर ५० च्या वेगाला पाय मिनिटाला १६० फेऱ्या फिरतात, आणि तुमची इच्छा असो-नसो ते फिरवावेच लागतात. पाय निसटला तर फिरतं पायडल पोटरीवर आदळतं. म्हणून घाटात ही सायकल अशा रूपात न्यायची नाही.

त्यावरचा उपाय जुनाच आहे. १९०३ साली टूर द फ्रान्स सुरू झाली आणि गिअर बदलण्याच्या यंत्रणेला तिथं १९३७ पर्यंत बंदी होती. मधल्या काळात स्पर्धक मागच्या हबच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे चक्के लावत आणि घाटाच्या पायथ्याशी चाक काढून उलटं बसवत. आजही असं दुतोंडी हब मिळतं: एका बाजूला फिक्स्ड चक्का, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील. साध्या ट्रॅक हबपेक्षा याला जास्त पैसे पडले तरी हेच घ्या. रामाकोन्याला चहाला थांबा, नट सैल करा, चाक फिरवून बसवा, साखळी ताणा. फ्रीव्हीलच्या बाजूला मात्र पायानं थांबता येत नाही. म्हणून घाटात जायचं असेल तर मागचाही ब्रेक हवाच.

पैशाची वाटणी मी अशी करीन. शंभर रुपये असतील तर पन्नास चाकांना, वीस ब्रेक, केबल आणि रबरांना, पंधरा चक्का, लॉकरिंग आणि साखळीला, उरलेले पंधरा छरे, कटोऱ्या, कॉटर पिना आणि ग्रीसला. हँडल, सीट आणि सांगाडा जुनाच. पायडलचा दांडा धुऱ्याला धरून ठेवणाऱ्या कॉटर पिनेकडे दुर्लक्ष करू नका. साध्या सायकलीत ती जरा सैल असली तरी जोर एकीकडूनच असल्यानं चालून जातं. इथं पुढे-मागे दोन्हीकडून जोर येतो, म्हणून सैल पीन दर फेरीला ठोका देते आणि स्वतःची जागा खात जाते.

थोडक्या पैशात नीट समजून बांधलेली सायकल कुठवर जाते, याचं एक उदाहरण मला फार प्रिय आहे. स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीनं स्वतःच्या हातानं बांधलेल्या सायकलीत कपडे धुण्याच्या यंत्रातले बेअरिंग वापरले होते. एका तासात सर्वाधिक अंतर कापण्याचा विक्रम तेव्हा फ्रान्सेस्को मोझरच्या नावावर होता, ५१.१५१ किलोमीटर. नॉर्वेतल्या हामर इथं ओब्री आधी त्याच नमुन्याच्या, दुसऱ्यानं बनवलेल्या नव्या सायकलीवर बसला आणि कमी पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी, १७ जुलै १९९३ ला, त्यानं आपली घरची सायकल काढली आणि ५१.५९६ किलोमीटर कापले. त्या सायकलीतला प्रत्येक भाग कशासाठी आहे हे त्याला ठाऊक होतं. आपल्यालाही तेवढंच साधायचं आहे.

या आठवड्याचं काम. चक्का हबवर हातानं चढवा, आट्यांना आधी ग्रीस लावा. आवळायला खास हत्यार नसेल तर सायकल उलटी करून चाक जागेवर ठेवा. पायडलच्या धुऱ्याच्या नळीला फडकं गुंडाळून त्यावर जुन्या साखळीचा एक वेढा घाला, साखळीचं दुसरं टोक चक्क्यावर ठेवा आणि चाक हातानं मागच्या दिशेनं फिरवा. चाकच लांब दांड्याचं काम करतं आणि चक्का घट्ट बसतो. मग लॉकरिंग तिच्या पान्यानं डावीकडे वळवून आवळा. हे करताना आणि पुढे कधीही, फिरत्या साखळीजवळ बोट, फडकं, ओढणी किंवा पायजम्याचा पाय नेऊ नका. साध्या सायकलीत अडकलेलं बोट सुटू शकतं. इथं चाकाचा वेग थांबेपर्यंत साखळी थांबत नाही.

मग पुढचा ब्रेक तपासून एखाद्या छोट्या चढावर जाऊन या. चढताना तुमच्या वजनानं चक्का आणखी थोडा आवळला जाईल आणि त्याच्या व लॉकरिंगच्या मध्ये केसाएवढी फट पडेल. उतरण्यापूर्वी, तिथंच थांबून, लॉकरिंग पुन्हा आवळा. पाना खिशात घेऊन जा, कारण उलटा जोर उतारावर येणार आहे.

पुढच्या भागात : साखळीचा ताण, चक्क्यांची सरळ रेष आणि चाकाचा आऊट काढणं.