देवी काढल्या, लस टोचली, डोस पाजला!

कोकणातल्या केळशी गावच्या अंगणवाडीत महिन्यातला एक दिवस रडारडीचा असतो. सिस्टर बर्फाचा डबा घेऊन येतात, आशाताई आळीआळीतून आणि मोहल्ल्यातून बाळांना बोलावून आणतात, आणि मग एकामागून एक भोंगे सुरू! पण त्या दिवशी रडणाऱ्यांकडे नको, बोलणाऱ्यांकडे कान द्या. एक काकी विचारते, "झालं का टोचून?" दुसरी सांगते, "धाकट्याला आत्ताच डोस पाजला." कुणी म्हणतं, "आम्ही मागच्या महिन्यातच घेतली." आणि एखादी आजी हसून म्हणते, "आमच्या लहानपणी देवी काढायचे हो!"

ऐकलंत? टोचणं, पाजणं, घेणं आणि काढणं. काम एकच, रोग यायच्या आधीच त्याचा बंदोबस्त करायचा. मग क्रियापदं चार कशी?

सोप्यापासून सुरुवात करू. टोचणं म्हणजे सुई. पण सगळ्या सुया एकाच खोलीवर जात नाहीत, हे माहीत होतं का? जन्मल्यावर लगेच देतात ती क्षयरोगाची बीसीजी लस डाव्या दंडावर, अगदी कातडीच्या थरातच सोडतात. गोवर-रुबेलाची लस कातडीच्या खाली जाते. आणि दीड महिन्याच्या बाळाला देतात ती पेंटाव्हॅलंट थेट मांडीच्या स्नायूत! मांडीतच का? कारण एवढ्याशा बाळाच्या अंगात बऱ्यापैकी जाड स्नायू तिथेच असतो. 'पेंटा' म्हणजे पाच. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब नावाचा जिवाणू, अशा पाच शत्रूंची ओळख एका सुईत.

आता पाजणं. पोलिओचे दोन थेंब तुम्हीही प्यायला असाल. पोलिओचा विषाणू तोंडावाटे शिरतो आणि आधी आतड्यात वाढतो. मग पहारा आतड्यातच बसवलेला बरा, नाही का? थेंब नेमकं तेच करतात. पोलिओची सुईसुद्धा आहे, आणि हल्ली बाळांना दोन्ही देतात. या थेंबांनी केवढं काम केलं बघा : भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण सापडला जानेवारी २०११ मध्ये, आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला.

आता ते विचित्र क्रियापद, देवी काढणं! देवी हा फार भयंकर रोग होता. अंगभर फोड यायचे. दहा रोग्यांतले सुमारे तीन दगावायचे, आणि वाचलेल्यांच्या तोंडावर कायमचे व्रण राहायचे. मग "देवी काढल्या" म्हणजे अंगातून बाहेर काढून टाकल्या का? छे! आपण रांगोळी काढतो, चित्र काढतो, त्यातलंच हे 'काढणं' असावं. काहीतरी उमटवायचं. हातावर लशीचा थेंब ठेवून कातडी खरवडायची. चार-पाच दिवसांत तिथे फोड उठायचा, त्यात पाणी धरायचं, मग खपली, आणि ती पडली की खोलगट वण. फोड उठलाच नाही, तर देवी पुन्हा काढायच्या! फोड आला म्हणजेच लस लागली, अशी ती खूण होती.

आणि गंमत म्हणजे 'लस' हा शब्दही त्या फोडातच सापडतो. गुडघा खरचटला की वर चिकट पाणी येतं ना? त्याला मराठीत लसच म्हणतात. १७९६ मध्ये इंग्लंडमध्ये डॉक्टर एडवर्ड जेन्नर यांनी एका गवळणीच्या हातावरच्या फोडातली लस घेतली. तो फोड गायींच्या 'गोस्तन देवी' या सौम्य रोगाचा होता. ती लस त्यांनी जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचली. पुढे त्यांनी त्याला खऱ्या देवीची लागण करून पाहिली, तर त्याला काहीच झालं नाही! लॅटिन भाषेत गायीला 'वाक्का' म्हणतात, त्यावरून 'व्हॅक्सिन' हा शब्द आला.

ही लस आपल्याकडे पोचली कशी? तेव्हा फ्रीज नव्हते, आणि उन्हात लस खराब व्हायची. म्हणून ती माणसांच्या हातांवरूनच पुढे गेली! एकाच्या फोडातून दुसऱ्याच्या हातावर, असं करत ती बगदादला आणि बसऱ्याला आली, आणि तिथून जहाजाने मुंबईला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली. भारतात देवीची लस यशस्वीपणे टोचून घेतलेली पहिली व्यक्ती एवढीशी होती! तिच्या हातावरच्या फोडातून ती लस आणखी मुलांना दिली गेली आणि पुढे देशभर पसरली. नंतर वासरांच्या कातडीवर लस वाढवायला लागले. बेळगावात त्यासाठी मोठी संस्था होती. तिथल्या टिळकवाडीतल्या त्या जागेला लोक आजही 'व्हॅक्सिन डेपो' म्हणतात.

आजच्या लशीलाही ऊन चालत नाहीच. बहुतेक लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. म्हणून तर केळशीच्या दमट उकाड्यात सिस्टर बर्फाचा डबा सोडत नाहीत. पुढच्या वेळी बाटलीवरचं लेबल नीट बघा. एक गडद गोल, आणि त्याच्या पोटात फिकट चौकोन. लशीला ऊब लागत गेली, की चौकोन हळूहळू गडद होतो. तो गोलाइतका गडद झाला, की बाटली बाद!

आता उरलं घेणं. मोठी माणसं 'टोचून घेतात'. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस बनवली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती सर्वांत आधी स्वतःलाच टोचून घेतली. आज परळला त्यांच्याच नावाची संस्था आहे.

पण खरं सांगू? सिस्टर टोचतात ते एका क्षणात संपतं. खरं काम त्यानंतर शरीर करतं. लशीत मेलेले किंवा दुबळे केलेले जंतू असतात, किंवा जंतूचा नुसता तुकडा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला निरखतात, त्याच्यावर नेमक्या बसणाऱ्या प्रतिपिंडांची, म्हणजे अँटीबॉडींची, जुळवाजुळव करतात. या खटपटीला साधारण दोन आठवडे लागतात. तोवर एखाद्या दिवशी अंग तापतं, हात दुखतो. नंतर काही पेशी त्या जंतूची आठवण जपून ठेवतात. लस म्हणजे शिमग्याआधीची तालीम. खरा खेळ उभा राहिला, की कुणी अडखळत नाही. आणि एक तालीम पुरत नाही, म्हणून तर दुसरा, तिसरा डोस आणि बूस्टर!

देवीच्या बाबतीत ही तालीम इतकी पक्की झाली, की शत्रूच उरला नाही. साथीतून आलेला देवीचा शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात सापडला. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने देवी जगातून गेल्याचं जाहीर केलं. देवी काढणंही बंद झालं.

आता तुमचं काम. घरातल्या सगळ्यांचे हात तपासा. आजी-आजोबांच्या हातावर मोठा, खोलगट वण दिसला, तर तो बहुधा देवीचा. तुमच्या डाव्या दंडावर लहानसा गोल वण असेल, तर तो बीसीजीचा. मग आईकडून तुमचं लसीकरणाचं कार्ड मागून घ्या आणि वहीत दोन रकाने आखा : 'टोचलेल्या' आणि 'पाजलेल्या'. बघू या, कुठला रकाना लांब होतो!