डब्यातली मेथी

आज तुमच्या घरी कोणती भाजी आहे? ती कोठून आली, असे विचारले तर तुम्ही म्हणाल, "बाजारातून!" पण बाजारात येण्यापूर्वी ती कोणीतरी पेरली, तिला पाणी दिले आणि पहाटे उठून काढली. शहरातील मुलांना हे पाहायला मिळत नाही. आपल्याकडे शेत नाही. अनेकांकडे अंगणही नाही. मग भाजी कशी पिकवणार? त्यासाठी एक जुना डबा, मूठभर बी आणि चार-पाच तासांचे ऊन पुरे.

मुंबईतील एक उदाहरण पाहा. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघरात कर्मचाऱ्यांसाठी जेवण तयार होत असे. तेथे रोज साली आणि देठ यांचा ढीग साचे. तेथील अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ साली त्याच इमारतीच्या गच्चीवर बाग सुरू केली. ओला कचरा फेकून न देता त्याचे खत केले. पिंपांत भाज्या आणि फळझाडे वाढू लागली. पुढे ही पद्धत शिकायला शहरातील इतर लोकही येऊ लागले.

तुम्हीही सुरुवात करा, पण मेथीपासून. मेथीसाठी सहा इंच खोलीचा पसरट डबा चालतो. टोमॅटोला मात्र एक फूट खोल कुंडी लागते. रंगाचा किंवा औषधाचा डबा कधीही घेऊ नका. डब्याच्या तळाला चार-पाच भोके पाडा. एक भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळलेल्या पाल्याचा चुरा एकत्र करून डबा भरा. बी रात्रभर भिजवून पेरा आणि वर मातीचा पातळ थर द्या. चार-पाच दिवसांत अंकुर दिसतील. सुमारे महिन्याभरात भाजी काढता येईल.

तळाची भोके का हवीत? आमच्या वर्गात घडलेली गोष्ट सांगतो. आम्ही मुलांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला एक डबा दिला होता. एक मुलगा आपल्या मेथीला दिवसातून चार वेळा पाणी घाली. आठ दिवसांनी रोपे पिवळी पडली आणि कुजली. तो रडवेला होऊन म्हणाला, "सर, मी तर सगळ्यांपेक्षा जास्त पाणी घातले!" आम्ही डबा उलटा केला. तळाला एकही भोक नव्हते. काळ्या चिखलाला घाण वास येत होता. मुळांनाही हवा लागते. पाणी साचले की ती हवा बंद होते. त्या मुलाने भोके पाडून पुन्हा बी पेरले. आता तो आधी मातीत बोट घालून पाही. माती कोरडी लागली तरच पाणी देई.

डब्याखालच्या ताटलीतही पाणी साचू देऊ नका. त्यात डास अंडी घालतात. डबे गच्चीवर ठेवायचे असतील तर आधी घरमालकाची परवानगी घ्या. ओली माती फार जड असते. म्हणून कठड्यावर डबा ठेवू नका. तो खाली पडून कोणाला इजा होईल.

रविवारी शाळा बंद असते. तेव्हा पाणी कोण घालणार? आमचे शिपाई चाचा न सांगता घालत होते. मेथी तयार झाली, तेव्हा सगळ्या डब्यांची मिळून दोन जुड्या भरल्या. प्रत्येकाला चिमूटभर मिळाली असती. मुलांनी विचार करून एक जुडी चाचांना दिली. दुसरीची भाजी करून सर्वांनी एकेक घास खाल्ला. कुजलेल्या डब्याचा तो मुलगा ताटातले पानही सोडायला तयार नव्हता!

मित्रांनो, एका डब्याने घराचा बाजारखर्च भागत नाही. पण ज्याने एक जुडी पिकवली, तो ताटात भाजी टाकताना दहा वेळा विचार करतो. आपल्या मोहल्ल्यातील दहा घरांनी एकेक डबा लावला, पाण्याची पाळी ठरवली आणि भाजी वाटून घेतली, तर शेजारही वाढेल आणि मेथीही!

स्वाध्याय
१. मुलाची मेथी का कुजली?
२. मुलांनी एक जुडी शिपाई चाचांना का दिली असेल?
३. उपक्रम : एका डब्यात मेथी पेरा आणि ती रोज किती वाढते ते वहीत लिहा.